धक्का न लावता

२ जानेवारी
आजपासून विद्यापीठाचा विद्यार्थी. वय एक्कावन्न वर्षं चार महिने. विषय: शाश्वत विकास.
खरं तर विषय पुतणीचा. ती गच्चीत पाठ करत होती, मी खाली शटरला रंग देत होतो. तीन ठिकाणी चुकली. तिन्ही मी नुसतं ऐकून दुरुस्त केली. मग म्हटलं, आपणच का नाही? प्रौढांच्या कोट्यातून त्याच वर्गात प्रवेश घेतला. वेल्डिंगही मी असंच शिकलो, दुसऱ्याच्या चुका बघून. डोळ्यांवर काच न लावता. चार दिवस दिसलं नव्हतं, पण शिकलो.
मॅडमनी फळ्यावर व्याख्या लिहिली: 'पुढच्या पिढीच्या गरजांना धक्का न लावता आपल्या गरजा भागवणे.' बाकीच्यांनी मोबाइलवर फोटो काढले. मी जागच्या जागी पाठ केली.
निघताना एक चष्मेवाला दारात आडवा आला. चष्मा फुटला. काच हलक्या प्रतीची होती.

९ जानेवारी
प्रकल्प वाटले. निम्मे गुण त्याचेच. मी आमची विहीर घेतली. माझ्या आणि धाकट्या भावाच्या घरामागे एकच अंगण, मधोमध विहीर. आज दोरी सोडून मोजली. पाणी नऊ फूट चार इंच. वडिलांच्या वेळी चौदा असायचं.
गळती कुठे आहे हे शोधायला मॅडमची गरज नाही. पुतणीने कुंपणाकडेला पिशव्यांत ३१२ रोपं लावली आहेत. हा तिचा प्रकल्प. विद्यापीठामागच्या उघड्या टेकडीवर लावणार म्हणे. मॅडम २० एप्रिलला बघायला येणार. धाकटा रोज दोन वेळा पंप लावून त्यांना पाणी देतो. सोळा मिनिटं. घड्याळ लावून मोजलं.
संकल्प: विहीर वाचवायची. पुढच्या पिढीसाठी.

१७ जानेवारी
मॅडम म्हणाल्या, आधी संबंधितांशी संवाद साधा.
संवाद सकाळी ७.१० ला सुरू, ७.१४ ला संपला. मी मुद्दा मांडला. धाकटा म्हणाला, दादा, तुझं शिक्षण तुझ्या घरात ठेव. मी मुद्दा पुन्हा मांडला, या वेळी तांब्यासकट. त्याने बादलीने उत्तर दिलं. धाकटा बेकरीत कणीक मळतो, त्यामुळे हात जड आहे.
नोंद: माझा खालचा ओठ, दोन टाके. त्याची भुवई, तीन. म्हणजे संवादात माझी बाजू वरचढ.
सौ. कापूस लावताना म्हणाली, एका आईच्या पोटचे ना तुम्ही? म्हटलं, म्हणून तर नेम चुकत नाही.

३१ जानेवारी
हॅक्सॉने त्याचा पाइप कापला. तीन तुकडे, प्रत्येकी चार फूट, कडा कानशीने घासून. काम ते काम.
धाकटा खोरं घेऊन आला. माझ्या दुकानाच्या दोन काचा, एक स्टूल, भिंतीवरचं घड्याळ. मी त्याचा अंगठा चावलो. हे ठरवून केलं नाही, तोंडाजवळ आला. लोळत लोळत कुंपणापर्यंत गेलो. पुतणी ओरडत होती, बाबा, काका, रोपं. आम्हाला वाटलं मोजतेय.
अकरा रोपं चिरडली. उरली ३०१. बाकीच्यांना जागा मिळाली, आता जोमाने वाढतील. तिला हे समजावायला गेलो. तिने दार लावून घेतलं. माझं बोट मध्ये होतं.

१२ फेब्रुवारी
वर्गात सादरीकरण. पाण्याच्या पातळीचा तक्ता, इंचात, तारखेनिशी. सगळे चकित. चष्मेवाल्याने (नवा चष्मा, पुन्हा हलकाच) विचारलं, काका, तुमचा काळानिळा डोळा कुठल्या तक्त्यात येतो? वर्ग हसला. पुतणी हसली नाही, खाली बघत बसली.
मी बाक उचलला. नुसता उचलला. ठेवताना त्याचं पाऊल खाली होतं.
विभागाने मला तीन आठवडे घरी अभ्यास करायला दिले आहेत. अशी सवलत वर्गात दुसऱ्या कोणाला नाही.

५ मार्च
पाणी आठ फूट अकरा इंच. उपाय सापडला. झाकण.
पाच मिलिमीटर पत्रा. कठड्यात चार ब्रॅकेट, प्रत्येकाला दोन बोल्ट, वरून अखंड वेल्ड. सांध्यात कुठेही फट सोडलेली नाही. मधे फूटभर चौकोनी दार, त्याला कुलूप, चावी माझ्या गळ्यात. पंप काढून ठेवला. दोन्ही घरांना रोज चार-चार बादल्या. रोपांना एक.
तीन दिवस लागले. आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम. पुतणी येऊन बघून गेली. म्हणाली, एका बादलीत तीनशे रोपं कशी भागतील, काका? म्हटलं, हाच तर अभ्यास आहे.

८ मार्च
धाकटा घण घेऊन आला. मी अडवलं नाही. खुर्ची टाकून बसलो आणि मोजलं. चौतीस घाव. झाकणावर ओरखडा, लांबी चार सेंटिमीटर. घणाचा दांडा मोडला. मी टाळी वाजवली.
मग त्याने मोडका दांडा माझ्यावर वापरला.
एक फासळी, दोन दात. खुर्ची गेली. तरी धाप लागेपर्यंत मीही त्याच्या डोक्यात खिशातल्या जादा कुलपाचे चार ठोके दिले. शेवटी दोघं झाकणावरच पडलो, शेजारी शेजारी. झाकण हललं नाही. टिकाऊ म्हणजे काय हे मॅडमनी येऊन बघावं.
सौ. म्हणाली, ही विहीर वाचली तरी पाणी प्यायला कोण उरणार?

१९ मार्च
कुलूप उघडेना. चावी अर्धीच जाते. काडी घालून बघितलं. कणीक. बेकरीतली, मीठ घातलेली, रात्रभरात वाळून दगड झालेली. धाकटा भिंतीवर कोपर टेकून बघत होता. म्हणाला, टिकाऊ आहे ना, दादा?
फेकलेली वीट त्याला लागली नाही. भिंतीला लागली.
दोन्ही घरांत पाणी नाही. रोपांची एक बादलीही बंद, ती माना टाकतायत. पुतणीने उन्हापासून वाचवायला त्यांच्यावर वाळलं गवत आणि हिरवी जाळी घातली आहे.
उद्या सकाळी ग्राइंडरने कुलूप कापणार. दोन मिनिटांचं काम.

२० मार्च
झाकण तुटलं नाही.

२३ मार्च
२० तारखेला पुढे लिहवलं नाही. आज क्रमाने लिहितो.
सकाळी ९.०५ ला ग्राइंडर लावला. ठिणग्या कुंपणाकडे उडत होत्या. ते मला दिसत होतं. वाटलं, कडेला पडतील. गवताने पेट घेतला, मग जाळीने. खाली बघेपर्यंत ग्राइंडरची वायरही जळाली होती.
पाणी पायाखाली. नऊ फूट. मधे पाच मिलिमीटर.
घण घेतला (नवा दांडा मीच बसवला होता). पुतणी बादली घेऊन धावत आली, झाकणावर चढली, दाराच्या फटीत बोटं घालून ओढायला लागली. घण वर होता. मी तिला बाजूला सारलं. धक्का नव्हे. बाजूला सारलं. ती कठड्यावर आदळली. उजवं मनगट. आवाज मला ऐकू आला.
मग मारत सुटलो. एकोणीस घाव. धाकटा धावत आला. वाटलं, आता माझं डोकं फोडणार. त्याने माझ्या हातातला घण काढून घेतला आणि झाकणावर मारायला लागला. तो दमला की मी, मी दमलो की तो. वडील गेल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम. एकूण साठ घाव. वेल्ड कुठेही सुटला नाही.
आग कोपऱ्यावरच्या गाड्या धुणाऱ्याने विझवली, त्याच्या पाइपने.
उरलेली रोपं: २७.

२४ मार्च
आज दुकानातल्या गॅस कटरने झाकण कापलं. चौदा मिनिटं. कटर विहिरीपासून चाळीस फुटांवर होता. त्या दिवशी सुचलं नाही.
पाणी मोजलं. नऊ फूट तीन इंच. चार इंच वाढलं. प्रकल्प यशस्वी, असा शेरा लिहायला घेतला. मग खोडला.

२ एप्रिल
विभागाचं पत्र. हजेरी, बाक आणि 'प्रकल्पातील पद्धतीविषयी गंभीर आक्षेप'. नाव कमी केलं आहे. तसंही मला जे शिकायचं होतं ते जानेवारीतच शिकून झालं होतं.
सौ. म्हणाली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हे तिने विहिरीबद्दल म्हटलं असावं.

१० एप्रिल
पुतणी दारात. कित्येक आठवडे आमच्या उंबऱ्यावर आली नव्हती. हात गळ्यात, प्लास्टर अजून महिनाभर. परीक्षा २४ ला. लेखनिक लागतो, म्हणजे ती सांगणार आणि दुसऱ्याने लिहायचं. नियम असा की लेखनिक त्या विषयातला नसावा. मैत्रिणी सगळ्या त्याच वर्गातल्या. धाकट्याचं अक्षर बेकरीतल्या मुंग्यांना लागत नाही.
ती म्हणाली, "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे."
मी म्हटलं, बस. ती बसली नाही.
"मी सांगेन तेवढंच लिहायचं. दुरुस्ती करायची नाही."
मी म्हटलं, एखादी तारीख, एखादं माप चुकलं तर? ती नुसती हाताकडे बघत राहिली. मी हो म्हटलं.

१६ एप्रिल
फॉर्मवर एक ओळ आहे: 'लेखनिकास सदर विषयाचे ज्ञान नाही, हे प्रमाणित करण्यात येते.' विभागाची सही हवी. मॅडमकडे गेलो. मी प्रामाणिकपणे अडचण सांगितली. मी तीन महिने या वर्गाचा विद्यार्थी होतो, व्याख्या तोंडपाठ आहे, सही करताना तुम्हाला संकोच वाटेल.
मॅडम म्हणाल्या, "वर्गात होतात म्हणूनच खात्रीने करते."
सही केली. 'नाही' खाली रेघ मारली. रेघ सरळ होती.

२० एप्रिल
मॅडम रोपं बघून गेल्या. सत्तावीस. पुतणीने कारण सांगितलं नाही. धाकट्याने सांगितलं नाही. मी घरात होतो, पडद्यामागे. कोणी माझं नाव घेतं का बघत होतो.

२४ एप्रिल
परीक्षा. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, आम्ही दोघं. पेन दोन नेली, शाई भरून.
पहिला प्रश्न: शाश्वत विकासाची व्याख्या लिहून उदाहरणासह स्पष्ट करा.
तिने व्याख्या सांगितली. गच्चीत चुकली होती त्या तीनच्या तीन ठिकाणी बरोबर. 'धक्का' शब्दापाशी थांबली. प्लास्टर टेबलावर ठेवलेलं होतं, माझ्या लिहित्या हाताला लागून. मी 'धक्का' लिहिलं, 'न लावता' लिहिलं. ओळ सरळ आली नाही.
मग उदाहरण. खिडकीकडे बघत सांगत होती, मी लिहीत होतो. एका घरामागे एक विहीर होती. दोन भाऊ होते. मोठ्याने विहीर वाचवायला झाकण बसवलं.
मी हळूच विचारलं, पाच मिलिमीटर लिहू का? पर्यवेक्षकाने मान वर केली. पुतणी म्हणाली, "काका, पुढे लिहा."
लिहिलं. तिने सांगितलं ते असं: 'झाकण इतकं टिकाऊ होतं, की बाकी सगळं जळालं तरी पाण्याला धक्का लागला नाही.'
म्हणाली, पूर्णविराम.
दिला.