लोटनमामांची चावी आणि माझं तांबं

ती. लोटनमामांना,

स्वप्नालीचा प्रयोगशाळेतल्या स्टुलावरूनच वाकून नमस्कार. (स्टूल डुगडुगतं, म्हणून पूर्ण वाकता आलं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणाल्या, मोटारीच्या खोलीची चावी गुरुवारपासून सापडत नाही आणि ऊस तहानलाय. वाईट वाटलं. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते.

गुरुवारी तुम्ही कळसाडीहून डबा घेऊन माझ्या कॉलेजात आलात, इथपर्यंत सगळं ठीक होतं. (भरीत झकास होतं.) मी तीन वर्षं काय करते तेही तुम्हाला नीट समजावलं: मोरचुदातलं तांबं घ्यायचं, सेंद्रिय रेणूंनी ते असं जखडायचं की मोकळं सुटता कामा नये, आणि ती हिरवी पूड मिरचीवरच्या बुरशीवर वापरून बघायची. बशीतल्या बुरशीत माझ्या पुडीभोवती एकोणीस मिलिमीटरचं स्वच्छ कडं पडलं, तेव्हा हेमकांत सरांनी (माझे मार्गदर्शक, हसणं त्यांनी निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलंय) स्वतः चहा पाजला होता. तेच कडं मी सोमवारी सगळ्या विभागापुढे मांडणार आहे. यावर तुम्ही काय म्हणालात? "मंग हाई मोरचूदच शे ना व?" आणि फवारणीआधी मोरचूद-चुन्याच्या ड्रममध्ये विळा बुडवून त्याला तांबं चढतं का बघता, तशी खिशातली लोखंडी चावी थेट माझी पूड विरघळवलेल्या चंबूत! मी ओरडेपर्यंत ती बाहेरही आली, लालसर तांबं चढलेली. "भाची, तुन्हं औषध आखो कच्चं शे. चुना कमी पडना." मामा, याच्यात चुना नसतोच! मी तुम्हाला हात धुवायला पिटाळलं, तेवढ्यात तुमच्या बसची वेळ झाली. मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
स्वप्नाली

ता. क. चावी माझ्याकडे आहे. तुम्ही हात धुवत होतात तेव्हा मी ती ॲप्रनच्या खिशात टाकली. तांबं मोकळंच होतं, मामा. बुरशी माझ्या रेणूने नाही, उरलेल्या मोरचुदाने मारली. चावी कुणाला दिसली नाही तर सोमवार निभावेल, असं वाटलं. लाज वाटते. भरीत झकास होतं हेही खोटं, डबा तसाच आहे. कृपा करून कुणाला बोलू नका.

ता. क. २. आता कुणालाही सांगा. चावी सरांच्या टेबलावर ठेवून आले. सोमवार रद्द, पूड पुन्हा पहिल्यापासून. सरांनी चावी घासून चकचकीत केली आणि आता प्रत्येकाच्या चंबूत बुडवत फिरताहेत. शेजारच्या टेबलावरचा भाग्येश अचानक आजारी पडून घरी गेला. चावी परत मिळेल असं दिसत नाही. तुम्ही कुलूप तोडा.