वीस वेळा 'कधीच नाही'

आई,

हे पत्र मी टाकणार नाही, नुसता राग काढतेय. आज समुपदेशन केंद्रात साहेबांशी चांगलीच जुंपली. घरात मार खाल्लेल्या बारा वर्षांच्या मुलीनं प्रश्नावलीतल्या वीसही प्रश्नांपुढे 'कधीच नाही' लिहिलं. वाईट स्वप्नं? कधीच नाही. दचकतेस? कधीच नाही.

साहेब खूश! "बरी झाली पोर. फाइल बंद करा."

मी ओरडले, "ती खोटं बोलतेय!"

"कशावरून?"

पोरांच्या मनातले घाव ओळखायला आठ वर्षं शिकले, पण हे त्याआधी घरीच शिकले होते. काय सांगू? बाबांनी तुला मारलं की सकाळी माझी वेणी घालताना तू बजावायचीस, "बाईंनी विचारलं तर सगळं ठीक म्हणायचं"?

फाइल बंद झाली.

मघाशी तुझा फोन आला, "कशी आहेस?"

मी म्हणाले, "सगळं ठीक."

तुझी,
गुणी मुलगी