शेवटचा अंक पुसला तरी

४ नोव्हेंबर
जरीपटका भागात खोली मिळाली! खाली बाजार, अंगणात कडुनिंब, आणि कॉलेजला जायला कामठीचा शेअर ऑटो अगदी दारातून. घरमालक देवाजी आणि अंजनाबाई संत्र्यांची पिशवी घेऊनच भेटायला आले. शेजारच्या खोलीतल्या रविंद्रभाऊंनी सामान चढवलं. अश्विननं, माझ्या धाकट्या भावानं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडून खिडकीजवळचा पलंग बळकावला. आई गेल्यापासून मीच त्याची आई. कन्हानची मावशी सोडली तर माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस.

भिंतीवर कुणीतरी खडूनं लिहिलंय: ७३९३९१३३. गणिताच्या बाईला याहून चांगला शकुन कोणता? ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. गंमत म्हणजे शेवटचा अंक काढला तरी उरते ती मूळच. पुन्हा काढला तरी मूळच. पार सातापर्यंत. अश्विनला पटेना, म्हणून ओल्या बोटानं शेवटचा तीन पुसून दाखवला.

५ नोव्हेंबर
रविंद्रभाऊंच्या दाराला गंजलेलं कुलूप. विचारलं तर अंजनाबाई हसल्या. म्हणे, काहून मजाक करून राहिली वं पोरी, ते तर पहिल्यापासून अडगळीची खोली आहे.

७ नोव्हेंबर
भिंतीवर ७३९३९१. मी पुसलेलं नाही. अंगणातला कडुनिंबही नाही. तिथे जुनी फरशी. पाणी कुठेतरी मुरतंय. आम्हाला हुसकायचा डाव असेल. अंजनाबाईंकडे आमच्या खोलीची दुसरी किल्ली आहे. आज कुलूप बदललं.

९ नोव्हेंबर
७३९३९. देवाजी नाहीत. अंजनाबाई म्हणतात, मी तं एकटीच वं, माझं लग्न कुठं झालं? खोटं बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो. ही बाई भाजी निवडत होती. दुःखाचा लवलेश नाही.

पुसलेले अंक परत लिहिले.

१० नोव्हेंबर
लिहिलेलं टिकलं नाही. ७३९३.

आता कळलं. अंकांबरोबर माणसंही पुसली जातायत. अंक गेला तरी उरलेली संख्या तितकीच अखंड. तोडल्याची खूणच राहत नाही. उरलेल्यांना वाटतं, आपण पहिल्यापासून एवढेच. पहिला अंक मीच पुसला; हात दाखवून अवलक्षण माझंच.

अश्विन म्हणतो, ताई, तू झोपत नाही म्हणून असं होऊन राहिलं. त्याला रविंद्रभाऊ आठवत नाहीत.

११ नोव्हेंबर
७३९. अंजनाबाईंच्या दाराला कुलूप, गंजलेलं. अश्विनला घेऊन कन्हानला मावशीकडे निघते. ऑटोत त्याचा हात सोडणार नाही. तो हसतोय. हसू दे —

१२ नोव्हेंबर
मावशीच्या भिंतीवर ७३.
तो जेवतोय. मी समोर बसलेय. डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही. अश्विन माझा भाऊ. अश्विन माझा भाऊ. अश्विन माझा —

१३ नोव्हेंबर
मावशीकडे कशाला आले, आठवत नाही. ती म्हणते, एकटीच तर आलीस.
पिशवीत कुणाची तरी पुस्तकं. वर लिहिलंय, अश्विन माझा भाऊ. अक्षर माझं. मला भाऊ नाही.
वाईट वाटायला हवं का? वाटत नाही. काहीच कमी नाही. सगळं अखंड — मग हे डोळ्यांतून पाणी कुणासाठी —