पेंढ्याचं घर आणि माझी उंची

१० जानेवारी, दुपारी ३
...आणि चौथा गठ्ठा अंगावर आला. लागलं नाही. उलट सिद्धच झालं, की पेंढ्याची भिंत पडली तरी माणूस मरत नाही. विटांबद्दल हे कोण म्हणेल? गवंड्याला सांगितलं. तो म्हणाला, आधी ती पडू नये असं बघू की. माणूस कामाचा, पण दृष्टी विटेपुरती.

११ जानेवारी
गवंडी एका गठ्ठ्यावर उभा राहिला. गठ्ठा दबला. म्हणतो, साहेब, हे सैल बांधलेत, परत पाठवा. सैल मीच निवडले. उचलायला हलके. शिवाय आत हवा जास्त म्हणजे गारवा जास्त. ज्या व्हिडिओवरून घर बांधतोय त्यात हे नाही, माझं स्वतःचं आहे.
निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला साइटवर.

१२ जानेवारी
साडेनऊला पोचलो.

१९ जानेवारी
चारही भिंती उभ्या. एक खोली. उंची साडेसात फूट.
दोन वर्षं आम्ही मेहुण्याच्या मागच्या खोलीत आहोत. आता मेहुण्याच्या बायकोचे, म्हणजे हिच्या भावजयीचे, दिवस भरत आलेत, त्यांना खोली हवी. एक मार्चपर्यंत रिकामी करायची.
बायकोला आणून घर दाखवलं. तिची एकच अट: तिच्या आईचं कपाट उभं राहिलं पाहिजे. शिसवी आहे, सात फुटी. आमच्या दोन खाटांमुळे खोलीत मावत नाही, म्हणून मेहुण्याच्या पडवीत दोन वर्षं आडवं पडलंय, येणारे-जाणारे त्यावर बसून बूट घालतात. ते उभं राहील त्या दिवशी मी इथे येईन, म्हणाली, नाहीतर तुम्ही एकटे राहा पेंढ्यात. मी म्हटलं, उभं राहून वर सहा इंच हवा खेळेल. ती म्हणाली, हवेचं राहू द्या, टेप आणा.
मोजलं. साडेसात. ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

२८ जानेवारी
छप्पर चढलं. पत्रा नको म्हणून जुनी कौलं घेतली. दिसतात भारदस्त. गवंडी म्हणाला, भारदस्त नाही, भार आहे; आता महिनाभर भिंती दबून बसू द्या, त्याशिवाय आत काही ठेवू नका. भिंती बसतात म्हणे! बसायचं याला, नाव भिंतीचं. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.
टोपीसाठी भिंतीत खुंटी ठोकली. बरोबर माझ्या डोक्याच्या उंचीवर, पाच फूट चार इंचांवर. खाली उभं राहून पाहिलं, केसाला टेकते.

६ फेब्रुवारी
कपाट आलं. मेहुणा, त्याचा शेजारी आणि मी. उभं केलं. वर तुळईपर्यंत चार बोटं जागा. मेहुण्याने विचारलं, सहा इंच होती ना, भावोजी? लाकूड फुगतं, म्हणालो. शेजारी खोकला.
बायकोने तिचे सगळे कपडे लावून टाकले. किल्ली कनवटीला.

९ फेब्रुवारी, सकाळी ८
विलक्षण. खुंटी कपाळाला लागते.
दोनदा खात्री केली. खुंटी तीच, भिंत तीच. म्हणजे बदललो मी. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझी उंची वाढते आहे. कारण उघड आहे: गठ्ठे उचलून मणका मोकळा झाला. पँटही आखूड झाली आहे. बायको म्हणते, उकळत्या पाण्यात बुडवल्यावर दुसरं काय होणार. तिला इतक्यात सांगणार नाही.

१३ फेब्रुवारी
खुंटी भुवईशी. दिवा डोक्याला आपटला. न राहवून मेहुण्याला सांगितलं. तो आला, त्यालाही दिवा आपटला. डोकं चोळत म्हणाला, भावोजी, मग मीही वाढलो की! या घराचाच गुण दिसतोय.
हे सुचलं नव्हतं. एका माणसाचा नव्हे, घराचा गुण. चार लोकांना राहायला बोलावून नोंदी ठेवायच्या. वही आणली.
बायको कपाटावरची फट बोटांनी मोजत होती. दोन बोटं.

१७ फेब्रुवारी
तुळई कपाटावर टेकली. कपाटाचं दार उघडत नाही. तिचे सगळे कपडे आत. ती मेहुण्याकडे गेली. तिथे भावजयीचा नवव्या महिन्यातला गाऊन घालून फिरते आहे. दोनदा लोकांनी तिचंच अभिनंदन केलं.
निश्चय: दाराला तेल घालणे.

१८ फेब्रुवारी
तेल घातलं. आता उघडत नाही, पण आवाज येत नाही.

२० फेब्रुवारी
गवंड्याला बोलावलं. सल्ल्यासाठी नव्हे, मत घ्यायला. बायकोही आली, त्याच गाऊनमध्ये. गवंड्याने भिंतीत बोट खुपसलं, मग कपाटावर टिचकी मारली. म्हणाला, साहेब, या घरात एकच वस्तू नीट बांधलेली आहे. तुमच्या सासूबाईंचं कपाट. त्याच्यावर घर उभं आहे.
हा घराचा सन्मानच, असं मी म्हणणार होतो. बायकोने विचारलं, काढता येईल का? तो म्हणाला, येईल, ताई. मग घर नाही राहणार. मी म्हणालो, मग कपाट राहू दे.
तिने कपाटावरची धूळ पुसली. मग तिने गवंड्याला विचारलं, टेकू किती लागतील?

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
चार टेकू लावून कपाट बाहेर काढलं. टेकू काढल्यावर घर हळूहळू खाली आलं. कुणाला लागलं नाही. मेहुण्याच्या मागच्या खोलीत माझ्या खाटेच्या जागी कपाट उभं केलं, वर दोन फूट जागा राहिली. भावजय म्हणाली, वन्सं, तुम्ही इथेच राहा, बाळाला माणूस लागेलच. मला पडवीत जागा दिली, कपाट आडवं असायचं तिथे. जागा सात फूट आहे. बायकोने टेप आणली. मी पाच फूट चार इंच.