श्रावणात सोडलेलं मीठ

मामा, त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, अंगण झाडून झालं होतं आणि मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. पहिली परातीतून उचलताना फाटली, दुसरी निम्मी तव्याबाहेर पडली. पावसात मिठागर बुडालेलं, म्हणून तुम्ही घरीच, ओटीवर विळ्याला धार लावत बसलेले. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्यापासून माझी बोटं थोडी कापायचीच. कप बशीवर वाजायचा आणि तुम्ही म्हणायचात, "सून चहा आणते ती लांबनच कलते." पण त्या दिवशीचं कापणं निराळं होतं. दोन दिवस उलट्या होत होत्या, जीभ जड झाली होती, चालताना तोल जात होता. तिसरी भाकरी घ्यायला वळले आणि चुलीपाशीच खाली बसले. परत उठता येईना.

तुम्ही आणि ह्यांनी मला रिक्षात घालून पेणला नेलं. डॉक्टर विचारत होते, गोळ्या जास्त घेतल्या का, बाहेरचं काही खाल्लं का. मी नुसती मान हलवत होते. तेव्हा तुम्ही दारातूनच म्हणालात, "डॉक्टर, श्रावण लागल्यापासून ही अळणी खाते. स्वतःची भाजी आधी वेगली काढते. मी बघतोय."

मला वाटलं होतं, घरात कुणाला कळलं नाही. सासूबाई असत्या तर त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण त्या माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी नवस बोलले होते, महिनाभर मीठ सोडते, माझ्या गोळ्या सुटू देत. आवडीचं सोडलं तरच नवस खरा असं आमच्याकडे मानतात, आणि मिठागरावर जगणाऱ्या घरात मिठाहून मोठं सोडायला माझ्याकडे काय होतं? सोमवारी तर मी पाणीही घेत नव्हते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मीठ-पाणी कमी झालं की हे औषध अंगाबाहेर जात नाही, रक्तात साठत जातं आणि त्याचं विष होतं, असं त्यांनी सांगितलं. पाच दिवस सलाईनवर होते.

घरी आल्यावर तुम्ही एकदाच बोललात. माझ्यासमोर ताट ठेवलंत आणि म्हणालात, "खरं सांग गो. गोली घ्यायची लाज वाटते ना तुला?"

"व्हय," मी म्हटलं.

"मंग लाज सोड. मीठ कशाला सोडतेस?"

एवढंच. आवाजही चढवला नाहीत. पण तेव्हापासून माझं ताट वाढलं की तुम्ही स्वतःच्या चिमटीनं त्याच्या कडेला मीठ ठेवायचात, कमी नाही, जास्त नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, रोज सारखंच हवं. सासऱ्यानं सुनेला मीठ वाढायचं, हे गावात कुणी पाहिलं नव्हतं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सून वेडाच्या गोल्या खाते म्हनं?" तुम्ही तिला शांतपणे विचारलंत, "खाते. मी बीपीची खातो. तुझी कंची चालू हाय?"

गोळ्यांआधीची मीही तुम्ही पाहिली होती. आठवडेच्या आठवडे मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, पोराला जवळ घ्यायचीही ताकद नसायची. पहिल्या डॉक्टरांनी नुसती उदासीवरची गोळी दिली, तर मी उलट्या टोकाला गेले. झोप नाही, तोंड बंद नाही, घरातली भांडी वाटत सुटले. ती तुम्ही दारोदार जाऊन परत आणलीत, आणि मला त्यावरून एक शब्द बोलला नाहीत. मग हे औषध मिळालं. त्यानं वजन वाढवलं, ब्लाउज दोनदा उसवायला लावले, रात्रंदिवस तहान लावली, पुढे थायरॉईडची गोळी मागे लावली. पण त्यानंच मला उठवून चुलीपाशी बसवलं. पोराचं लग्न मी शुद्धीत राहून केलं.

औषधाच्या तपासणीला रक्त द्यायला माझ्याबरोबर तुम्हीच यायचात. रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नसते, म्हणून ती कागदात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवायचात. सुई निघाली की आधी पाव-बटाटावडा, मग गोळी. मी चौथीपर्यंत शिकलेली. तिथल्या बाकावर ठेवलेलं माहितीपत्रक मी तुम्हाला अक्षर लावून लावून वाचून दाखवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "अजून वाच, नंबर यायला येल हाय." तिथून वाचनाची गोडी लागली ती लागलीच. आता वाचनालयातल्या बाई माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवतात.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. हे गेले त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं. त्यांच्या वर्षश्राद्धाला चहा देताना माझा हात इतका कापला की कप पाहुण्यांच्या मांडीवर गेला. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. त्याआधीच पेणच्या आताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इतक्या वर्षांनी मूत्रपिंडावर थोडा ताण दिसतोय, तपासण्या करू, डोस कमी करू किंवा औषध बदलू, पण मनानं काही थांबवू नका.

मी मनानंच थांबवलं, मामा. आज नऊ दिवस झाले. माझ्या सुनेला वाटतं, मी गोळ्या घेते. हात थोडा स्थिर झालाय, हे खरं. पण कालपासून सकाळी डोळे उघडले की उठावंसं वाटत नाही, पुस्तकाची ओळ पुढे सरकत नाही, आणि ती भिंत मला ओळखीची वाटायला लागलीय. हे जगात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही रागावणार नाही, विचाराल.

इथवर लिहून मी वही मिटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सून भाजी चिरत होती, तिच्यासमोर बसून मी तिला सगळं सांगितलं. मग तिच्याबरोबर पेणला गेले आणि डॉक्टरीणबाईंना गोळ्या सोडून आता दहा दिवस झाल्याचं सांगितलं, एकही दिवस कमी न करता.