सगळे म्हणजे कोण?

बाई, तोंडावर मी तुम्हाला मॅम म्हणायचो, मनात मात्र आमच्या शाळेतल्यासारखं 'बाई'च. तुमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या प्रबंधाचं इंग्रजी सुधारायचात. साल असेल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. एका संध्याकाळी तुम्ही पेन्सिल खाली ठेवता आणि सांगता, तरुणपणी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या याच गावात, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लायब्ररीत तुम्ही नोकरीला होतात. एक कृष्णवर्णीय शाळकरी मुलगी भूगोलाचं पुस्तक मागायला आली आणि तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत. ती आता गावातच शिक्षिका आहे, म्हणालात.

म्हातारं माणूस उगाच मनाला लावून घेतंय, असं वाटून मी आपलं नेहमीचं बोललो, "जाऊ द्या हो, काळच तसा होता. सगळेच तसे वागायचे." तुम्ही केवढ्या भडकलात! "सगळे म्हणजे कोण? माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं तेच पुस्तक स्वतःच्या नावावर घेतलं, मागच्या दारानं तिला दिलं. नोकरी गेली त्या बाईची. आम्ही दोघी एकाच चर्चला जायचो. चूक मलाही कळत होती. मला त्या सगळ्यांमागे लपवू नकोस." मग आवाज उतरला. कंबरेच्या ऑपरेशननंतर तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती. रविवारी तुझ्या गाडीतून त्या शिक्षिकेच्या घरी नेशील का, माफी मागायचीय, म्हणालात. मी हो म्हणालो.

रविवारी तुम्ही हॅट घालून तयार होतात. मला रात्रभर वाटत होतं, आपण व्हिसावरचे विद्यार्थी, परक्या गावात हे लचांड कशाला? मी सांगितलं, गाडीची बॅटरी उतरलीय. "बरं, पुढच्या रविवारी," तुम्ही म्हणालात. तो यायच्या आतच तुम्ही गेलात. तिला कोणी काही सांगितलंच नाही. मीही नाही.

काल माझी मुलगी शाळेचा निबंध लिहिताना म्हणाली, "बाबा, बॅक देन एव्हरीबडी वॉज लाइक दॅट, राइट?" मी तिच्यावर ओरडलो. ती बिचारी रडली. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

हे मराठीत लिहितोय, कारण तुम्हाला वाचता येणार नाही. पत्र टाकणार तरी कुठे? पण एवढं सांगतो. त्या रविवारी दुपारी मला वाणसामान आणायचं होतं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मी ती गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली आणि तिथे सुरू केली, तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून.