वर लावायची मेणबत्ती

१६ एप्रिल, शनिवार

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. सूनबाईंनाही सांगणे.

तुमचे पार्सल सोमवारी पोचले. आत निघाले ते असे: लोकरी बनियन दोन, गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली, मधाची बरणी (झाकण सैल, थोडा मध बनियनला लागला, मी कोमट पाण्याने काढला), पिवळ्या मेणाच्या मेणबत्त्या एक जुडी आणि तुझी चिठ्ठी. तिकिटे कमी लावली होतीस, म्हणून पोस्टमनने साडेचार जास्तीचे घेतले. मी म्हटले, “अहो, मध तर निम्मा तुमच्या पिशवीनंच खाल्ला, त्याचं काय?” तो म्हणाला, “बाई, पिशवी चाटून बघा, नसेल तर पैसे परत देतो.” पुढच्या वेळी वजन करून तिकिटे लाव. पैसे झाडाला लागत नाहीत, तुझ्याकडेही नाहीत आणि माझ्याकडे तर नाहीतच.

तुझे भावोजी बरे आहेत. छापखान्यात नवे यंत्र आले आहे, ते घरी येऊन त्याचेच कौतुक करतात. माझ्या स्वयंपाकाचे इतक्या वर्षांत इतके केले नाही. माझी कंबर अधूनमधून धरते. बाकी देवाच्या दयेने ठीक.

तू स्वतःच्या हाताने पत्ता लिहिलास, ते फार बरे केलेस. का ते पुढे लिहिते.

फेब्रुवारीत सूनबाईंचे पत्र आले, की तुझ्या छातीत पाणी झाले आहे, दवाखान्यात ठेवले आहे, डॉक्टर काही सांगत नाहीत. ते मी स्वयंपाकघरात भावोजींना हळू आवाजात वाचून दाखवले. बाबा पलीकडच्या खोलीत होते. त्यांना कमी ऐकू येते असे आपण म्हणतो, पण जे ऐकायचे असते ते त्यांना भिंतीतूनही ऐकू येते. मला काही विचारले नाही. जेवायला मात्र बसून न बसल्यासारखे करून उठू लागले. आणि दुपारी पोस्टमनच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसायचे. मी म्हणायची, “बाबा, आत या.” तर म्हणायचे, “अंगाला ऊन लागतंय, लागू दे.” आभाळ भरून आलेले असले तरी हेच उत्तर!

तू बरा होऊन घरी आल्याचे सूनबाईंनी कळवले, तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने वाचले. तरी खुर्ची दारातच. दुसऱ्याने लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास बसेना. सोमवारी पार्सल त्यांनीच हातात घेतले. पत्ता बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि म्हणाले, “अक्षर त्याचंच आहे.” एवढेच. पण तू लग्न करून सूनबाईंच्या, पूर्वेकडच्या रीतीच्या चर्चमध्ये गेलास तेव्हापासून, ‘त्याचं’ म्हणून का होईना, तुझा उल्लेख या घरात त्यांच्या तोंडून झाला तो पहिला. बनियन त्याच दिवशी अंगात घातले. मध लागलेलेच, धुवायलाही दिले नाही. ते मला दुसऱ्या दिवशी अंगावरून ओढून घ्यावे लागले.

आता खरे लिहायचे ते लिहिते. बराच वेळ इकडचे तिकडचे लिहीत बसले आहे, माझे मलाच कळते आहे.

बुधवारी, तेरा तारखेला, सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला बाबांना घेऊन गेले. तुला ठाऊकच आहे, चर्च सांभाळायचे काम सुटून किल्ली आता दुसऱ्याकडे गेली असली तरी बाबांची नजर अजून वेदीवरच्या प्रत्येक वस्तूवरून फिरते. फुलदाणी वाकडी, वात लांब, गालिच्याला सुरकुती! त्या दिवशी फादर लाल झगा घालून बाहेर आले. ईस्टरचे दिवस, सगळे पांढरे असायचे, आणि मधेच लाल. बाबा बाकावरून पुटपुटले ते चार रांगांना ऐकू गेले: “लाल कशाला? आज कोण हुतात्मा?”

फादर तरुण आहेत, पण चिडले नाहीत. प्रवचनात म्हणाले, आज संत मार्टिन पोपचा दिवस. आपल्याकडे हा बहुधा उपवासाच्या दिवसांत किंवा पवित्र आठवड्यात सापडतो आणि मागे पडतो. पाळलाच पाहिजे असा दिवस नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात राहत नाही. यंदा मोकळा मिळाला आहे.

बाबा पुन्हा, “पोप ना? मग तो अंथरुणातच मेला असेल. तलवार लागल्याशिवाय लाल नाही.”

“तलवार नाही लागली, आजोबा,” फादर म्हणाले. “ऐका तर खरं.”

मग त्यांनी सांगितले ते मी जसे ध्यानात राहिले तसे लिहिते. तेराशे वर्षे होऊन गेली त्याला. ख्रिस्ताविषयीची जी शिकवण बादशहाला हवी होती तिला या पोपने मान डोलावली नाही, म्हणून त्याला आजारी असताना रोममधून उचलून जहाजात घातले. राजधानीत नेऊन लोकांसमोर अंगावरची वस्त्रे काढली, थंडीत फिरवले आणि लांब समुद्राकाठी हद्दपार केले. तिथे भाकरी मिळायची मारामार. तिथून त्याने पत्रे लिहिली. माझ्या माणसांनी मला असे कसे विसरावे, मी अजून या पृथ्वीवर आहे की नाही एवढेही कुणाला विचारावेसे वाटत नाही, अशा अर्थाचे त्यात आहे. इकडे रोममध्ये तो जिवंत असतानाच त्याच्या जागी दुसरा पोप निवडला होता. तरी त्याने त्यांच्यासाठी प्रार्थनाच केली. तिथेच गेला. “त्याला हुतात्मा मानतात,” फादर म्हणाले, “आणि मला विचाराल तर त्याचा जीव निम्मा बादशहानं घेतला आणि निम्मा घरच्यांच्या न विचारण्यानं. म्हणून लाल. पूर्वेकडच्या रीतीच्या चर्चमध्येही त्याला संत मानतात. ते उद्या त्याची आठवण करतील. दोन्ही घरांनी ठेवून घेतलेला माणूस आहे हा.”

बाबा घरी येऊन चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, “उद्या त्यांच्याकडे जाऊ.”

“कुणाकडे?”

“त्या संताकडे. आज आपल्याकडे होता, उद्या त्यांच्याकडे असेल.”

धाकट्या, चष्म्याच्या दुकानाशेजारचे ते पूर्वेकडच्या रीतीचे चर्च तुला आठवत असेल. तू गेल्यापासून बाबांनी त्या बाजूच्या फुटपाथवर पाय ठेवला नव्हता. पावसातसुद्धा रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी तुला कधी लिहिली नाही, कारण लिहून तुला नुसता घाव बसला असता. मृतांच्या स्मरणाच्या दिवशी आईच्या कबरीवर बाबा, तू गेल्यापासून, दरवर्षी दोन मेणबत्त्या लावत. पहिल्या वर्षी मी विचारले, “दुसरी कुणाची?” तर म्हणाले, “तुला काय करायचंय?” मी पुन्हा विचारले नाही. विचारायला उरलेच काय होते? दरवर्षी वाऱ्याने ती विझावी असे मला वाटायचे. आज हे लिहिते आहे, कारण आता ते सरले. पुढे वाच म्हणजे कळेल.

गुरुवारी सकाळी गेलो. बाबा काठी टेकत पुढे, मी मागे. मला वाटत होते उंबऱ्यावरून परत फिरतील. फिरले नाहीत. तुमचा ईस्टर यंदा आपल्यानंतर, म्हणून आत अजून उपवासकाळ चालू, त्यामुळे सगळे काळोखे आणि शांत. दाराशी एक जाड बाई विणकाम करत मेणबत्त्या विकत होती.

बाबा म्हणाले, “एक द्या. मोठी.” (मोठी! ज्यांनी मला मेणबत्तीची उरलेली बुडे वितळवून पुन्हा वापरायला शिकवले त्यांनी!)

बाईने सुई न थांबवता विचारले, “जिवंतासाठी की गेलेल्यासाठी?”

बाबांनी माझ्याकडे बघितले. “म्हणजे? दोन तऱ्हेच्या असतात?”

“मेणबत्ती एकच हो, आजोबा. जागा वेगळ्या. जिवंतांची तिथं वर, संताच्या चित्रापुढं. गेलेल्यांची इकडं खाली, वाळूच्या परातीत. कुठं लावताय?”

बाबा मेणबत्ती हातात धरून उभे. मी मनात म्हटले, देवा, मी आता काही बोलणार नाही, तूच बोल.

“आजोबा, ठरवा लवकर, मागे गर्दी आहे,” बाई म्हणाली. मागे मी एकटीच होते.

“जिवंत,” बाबा म्हणाले. मग मोठ्याने, कुणी वाद घालत असल्यासारखे, “जिवंत आहे! मुलगा आहे माझा. आजारी होता, आता बरा आहे. मला त्यानं बनियन पाठवलंय.”

“नाव सांगा, प्रार्थनेत घेतील.”

आणि त्यांनी तुझे नाव घेतले. बाप्तिस्म्याचे, पुरते, आपल्या आडनावासकट. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळले. मी तिथेच खांबाला टेकून रडले, बाईने विणकाम ठेवून मला पाणी दिले.

जन्मभर मेणबत्त्या लावलेला माणूस, पण वर लावताना वात ज्योतीला भिडेना, शेवटी त्या बाईनेच मनगट धरले. लावून झाल्यावर मात्र मूळ स्वभावावर आले. “वाती फार लांब ठेवता तुम्ही. धुरानं चित्र काळं होईल.” बाई म्हणाली, “उद्यापासून कामावर या.” संताचे चित्र त्यांनी खूप वेळ बघितले. म्हणाले, “आपल्याकडे त्याचा नुसता झग्याचा रंग आहे गं. यांच्याकडे चेहरा आहे.”

येताना चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. “रोमवाल्यांनी तरी नुसती जागा दुसऱ्याला दिली,” म्हणाले. “मी तर पुरूनच आलो.”

मी म्हटले, “बाबा, तो पुरलेला नाही. चांगला चालतो, फिरतो, तिकिटं कमी लावून पार्सलं पाठवतो.”

तेव्हा हसले. मला तर वाटते, ते हसू बघायलाच मी इतकी वर्षे थांबले होते.

आता निरोप. बाबा म्हणतात, सूनबाईंना घेऊन ये. तुमचा उपवास संपेपर्यंत थांबायला ते तयार नाहीत. “तिला दूध चालत नसेल तर बिनदुधाचा चहा करू म्हणावं, त्यात काय एवढं?” मी मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. स्टेशनवर येईन म्हणतात. नको म्हटले तर ऐकत नाहीत.

हे लिहीत असताना तीनदा येऊन विचारून गेले, “झालं का?” सही करा म्हटले तर म्हणाले, “सही कशाला? मी काय पावती देतोय?” आणि पेन घेतलेच. खालचे अक्षर त्यांचे आहे. हात कापतो, पण वाचता येईल.

तुझी ताई

पत्र मिळताच उलट टपाली कळव. येणार का, ते विचारत नाही. कोणत्या गाडीने, तेवढे लिही.
बाबा